पोर ‘वात्रट’ ठरवण्याआधी : काय तपासावं आणि कोणत्या क्रमानं (ठाणे–नवी मुंबई)

मधली_सुट्टी

पहिली घटक चाचणी उरकली की ठाण्यातल्या शाळांमध्ये समुपदेशकाच्या खोलीबाहेर बाकं भरतात. वर्गशिक्षकांच्या चिठ्ठीवर ठरलेले शेरे असतात : लक्ष नाही, उलट बोलतो, मारामारी करतो. पालक मात्र निदान घरूनच ठरवून आलेले असतात. ‘एडीएचडी आहे का हो?’ किंवा ‘मोबाइलचंच ना हे?’ एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार. दोन्ही असू शकतं. पण त्याआधी बघायच्या साध्या गोष्टी राहून जातात, म्हणून हा धागा. इथे बालरोगतज्ज्ञ, ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ), विशेष शिक्षक अशी मंडळी आहेत. आपापल्या विषयाची भर घाला. मुलाचं नाव, शाळा, इमारत कृपया लिहू नका.

माझ्या बाजूनं सुरुवात वहीपासून. दोन आठवडे, चार रकाने : वेळ, लगेच आधी काय चाललं होतं, मुलानं नेमकं काय केलं, लगेच नंतर काय झालं. नमुन्याची ओळ अशी दिसते :

संध्या. ७:१० / आईनं आल्या आल्या टॅब बंद करायला तीनदा सांगितलं, चौथ्यांदा काढून घेतला / जमिनीवर लोळण, लाथा, ६ मिनिटं / आजीनं टॅब परत दिला, ‘जेवेपर्यंत बघू दे’

या ओळीत निम्मं उत्तर आहे. शेवटचं खाणं कधी झालं ते मागे जाऊन बघा. बहुतेक वेळा दुपारी दीडचं जेवण, त्यानंतर चार बिस्किटं. पहिल्या तीन सांगण्यांना काहीच वजन नव्हतं, म्हणजे ती ऐकायची नसतात हे मूल शिकलं. आणि सहा मिनिटं लाथा झाडल्या की टॅब परत मिळतो, हेही शिकलं.

वही बिघडते ती दोन प्रकारे. एक, लोक फक्त तमाशे लिहितात. शांत गेलेली संध्याकाळही लिहा, कारण त्या दिवशी वेगळं काय होतं हेच तर हवंय. दोन, वागणं सोडून स्वभाव लिहितात. ‘आगाऊपणा केला’ यातून काही कळत नाही. ‘पाण्याची बाटली भावाच्या अंगावर फेकली’ यातून कळतं.

एडीएचडी म्हणायला लक्षणं घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी, सहा महिन्यांहून जास्त काळ आणि वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून दिसावी लागतात. वहीत त्रास फक्त गणिताच्या तासाला किंवा फक्त बसमध्ये दिसत असेल तर आधी तो तास आणि ती बस तपासा.

डॉ_खडीसाखर

चांगला धागा. बालरोगतज्ज्ञाच्या खुर्चीतून माझा क्रम : झोप, घोरणं, चालू औषधं, लोह.

झोपेचा हिशेब इथेच करून टाकू. कासारवडवलीच्या पुढे राहणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलाची बस ६:२० ला. उठायचं ५:४५ ला. आईबाबा लोकल आणि रिक्षा करून साडेआठला घरात, जेवण साडेनऊ, अंथरूण अकरा. झाले पावणेसात तास. ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास लागतात, १३ ते १८ ला ८ ते १०. म्हणजे रोज किमान सव्वादोन तासांची तूट, आणि ती आठवड्याचे पाच-सहा दिवस. झोप कमी पडली की मोठा माणूस पेंगतो, लहान मूल चेकाळतं. रात्री दहाला सोफ्यावरून उड्या मारणाऱ्या मुलात ‘एनर्जी फार’ नसते, ते दमलेलं असतं.

फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयात पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं आहे. पाचवीपासून पुढच्यांना त्याचा उपयोग नाही.

दुरुस्ती कशी करायची? अकरावरून एकदम नऊवर जाऊ नका. मूल दीड तास टक्क जागं पडून राहतं, भांडणं होतात, तिसऱ्या दिवशी सगळे नाद सोडतात. उठायची वेळ आधी पक्की करा, मग झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा. मुलाचं जेवण पावणेआठला उरका, बाबांसाठी थांबवू नका. बाबा आल्यावर सोबत बसून दूध घेईल. रविवारीही रोजच्यापेक्षा तासाभराहून जास्त उशिरा उठू द्यायचं नाही, नाहीतर रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवारी सकाळी पुन्हा रणांगण. शाळेतून आल्यावर झोपत असेल तर चारच्या आत उठवा.

घोरणं : आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री घोरतो, तोंड उघडं ठेवून झोपतो, मान मागे टाकतो, घामाघूम होतो, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालंय, यातलं काही असेल तर फोनवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. छाती दिसेल असा काढा, चेहऱ्याचा क्लोजअप नको. श्वास अडतो का ते छातीवरून कळतं. अॅडेनॉइड (नाकामागची गाठ) वाढल्यामुळे रात्रभर तुटक झोपणारं मूल दिवसा हुबेहूब एडीएचडीसारखं वागतं.

औषधं. हा मुद्दा कुणीच विचारत नाही. रस्त्यांच्या आणि मेट्रोच्या कामांची धूळ, त्यात एसी, म्हणून सर्दी-खोकल्यावर मॉन्टेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझिनची जोडगोळी महिनोनमहिने चालू राहते, कधीकधी जुनी चिठ्ठी दाखवून परस्पर. मॉन्टेलुकास्टवर अमेरिकेच्या औषध नियामकानं (एफडीए) मार्च २०२० मध्ये आपली सर्वांत कडक, चौकटीतली सूचना घातली : दुःस्वप्नं, चिडचिड, झोपेचे त्रास, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार. साध्या अॅलर्जिक सर्दीला शक्यतो हे औषध टाळावं असंही म्हटलं. सगळ्या मुलांना त्रास होतो असं मुळीच नाही. पण वागणं कधी बदललं आणि गोळी कधी सुरू झाली या दोन तारखा कागदावर शेजारी मांडा आणि डॉक्टरांना दाखवा. दमा असेल तर आपल्या मनानं बंद करू नका, पर्याय विचारा. साल्ब्युटामॉल असलेल्या कफ सिरपनंही काही तास हात थरथरतात, मूल सैरभैर होतं. फिटची काही औषधं, उदाहरणार्थ लेव्हेटिरासिटाम, चिडकेपणा आणू शकतात.

लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ५ (२०१९-२१) मध्ये ६ ते ५९ महिन्यांची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. टॉवरमध्ये राहतो म्हणून सुटका नाही. दिवसाला लिटरभर दूध पिणारं आणि भाजी-भाकरीला नाक मुरडणारं मूल यात हमखास असतं. हिमोग्लोबिन ५ ते ११ वयात ११.५ च्या खाली, १२ ते १४ मध्ये १२ च्या खाली म्हणजे कमी. पण हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो, म्हणून फेरिटिन (लोहाच्या साठ्याची रक्तचाचणी) सोबत करा. तापात किंवा नुकत्याच झालेल्या संसर्गात फेरिटिन खोटं वर दिसतं, तेव्हा दोन-तीन आठवडे थांबून करा. माती, खडू, पाटीची पेन्सिल, बर्फ खाणं आणि झोपताना पाय सतत हलवणं या दोन खुणा लक्षात ठेवा. लोहाचं औषध दूध-चहासोबत दिलं तर वाया जातं, लिंबू-पाण्यासोबत द्या. मात्रा वजनावर आणि बाटलीतल्या मूळ लोहाच्या प्रमाणावर ठरते, त्यामुळे शेजारणीच्या मुलाचा डोस उचलू नका. आणि हिमोग्लोबिन वर आलं की लगेच थांबवू नका, साठा भरायला अजून दोन-तीन महिने लागतात.

घोडबंदरवासी

डॉक्टर, सगळं मान्य. पण नव्वद टक्के कारण मोबाइल आहे हे सरळ सांगा की. उगाच रक्त तपासण्या कशाला?

मधली_सुट्टी

नव्वद टक्के कुठून आणलेत? :) मोबाइल निर्दोष नाही, पण ‘मोबाइल बंद’ एवढं सांगून पालकांच्या हाती काही लागत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची मर्यादा : दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच (नातेवाइकांचा व्हिडिओ कॉल सोडून), २ ते ५ वयात जास्तीत जास्त एक तास, ५ ते १० मध्ये दोन तासांहून कमी. आता वेळेइतकंच महत्त्वाचं : त्या वेळात झोप गेली, खेळ गेला की नुसता कंटाळा गेला? आणि स्क्रीन बंद कशी झाली?

बंद करण्याची रीत सांगते. ऑटोप्ले सेटिंगमधून काढून टाका, कारण पुढचा भाग आपोआप सुरू झाला की मूल कधीच ‘संपलं’ असं अनुभवत नाही. मध्येच तोडू नका, भाग संपताना थांबवा. दहा मिनिटं आधी आणि दोन मिनिटं आधी जवळ जाऊन सांगा. स्वयंपाकघरातून ओरडलेलं धरायचं नाही. बटण मुलाला दाबू द्या. आणि पुढची गोष्ट समोर तयार हवी : थालीपीठ ताटलीत, बॅट हातात. ‘बंद कर आणि अभ्यासाला बस’ ही अदलाबदल कुठलंही शहाणं मूल मान्य करणार नाही.

सवय तोडताना पहिले काही दिवस तमाशा वाढतोच. रडणं लांबतं, फेकाफेक सुरू होते. उपाय चुकला असं वाटून चौथ्या दिवशी फोन हातात दिलात, तर आता सहा नाही वीस मिनिटं रडावं लागतं एवढाच धडा मिळतो. म्हणून परीक्षेच्या आठवड्यात, पाहुणे यायच्या वेळी किंवा गावाला निघताना सुरू करू नका. सगळ्यांना झेपेल असा आठवडा निवडा.

दुसरी बाजू मैदानाची. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं धाप लागेल असा खेळ सांगते. आणि आपल्याकडे पोडियमवर पाटी : ‘चेंडू खेळण्यास सक्त मनाई’. सोसायटीच्या सभेत साडेपाच ते साडेसात ही वेळ आणि मऊ चेंडू एवढा ठराव करून घ्या. समिती ‘काचा फुटतात’ म्हणेल; जाळीचा खर्च काढून नेला की विरोध पातळ होतो. नवी मुंबईत सेक्टर तिथे उद्यान आहे, पण बरीचशी उद्यानं चालणाऱ्यांसाठी आखल्यासारखी. तिथे निदान सायकल आणि पकडापकडी होते.

नातवंडांचा_आबा

नमस्कार. दिवसभर मूल आजी-आजोबांकडे, आणि संध्याकाळी ठपकाही आमच्यावरच की तुम्ही लाडावून ठेवलं. ‘नाही’ म्हटलं की मूल असं भोकाड पसरतं की शेजारी बेल वाजवतात. नेमकं करायचं काय, ते क्रमानं सांगाल का?

शाई_संपली

आबा, प्रश्न लाडाचा नाही, नियम माणसागणिक बदलतात त्याचा आहे. कधी मिळतं, कधी नाही, अशी मागणी मूल सर्वांत चिवटपणे लावून धरतं. मटक्याचा आकडा अधूनमधून लागतो म्हणूनच माणूस खेळत राहतो, तसं.

घरातल्या सगळ्या मोठ्यांनी बसून फक्त तीन नियम ठरवा. दहा नकोत, दहा कुणीच पाळत नाही. शब्द ‘नको’चे नसावेत : ‘पळू नको’ऐवजी ‘जिन्यात चालायचं’. एखाद्या गोष्टीला आईनं नाही म्हटलं तर आजोबांनी हो म्हणायचं नाही. मत वेगळं असेल तर मूल झोपल्यावर बोला.

सूचना देताना जवळ जा, नाव घ्या, डोळ्याला डोळा भिडला की एकच गोष्ट सांगा. मग मनात पाच अंक मोजेपर्यंत गप्प. तेवढ्यात ऐकलं तर नेमकं काय आवडलं ते बोलून दाखवा : ‘पहिल्या हाकेला चपला जागेवर ठेवल्यास.’ नुसतं ‘शहाणा तो’ विरून जातं. ऐकलं नाही तर एकदाच आठवण, मग आधी सांगून ठेवलेला परिणाम, छोटा आणि त्याच दिवशीचा. ‘आता महिनाभर सायकल नाही’ हे तुमच्याच्यानं पाळलं जाणार नाही आणि मुलाला ते पक्कं ठाऊक असतं.

रोज दहा मिनिटं खेळ मूल सांगेल तसा. त्यात शिकवायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, चूक काढायची नाही. दिवस वाईट गेला म्हणून ही दहा मिनिटं रद्द करायची नाहीत, बक्षीस म्हणून वापरायची नाहीत. ही सगळ्यांत आधी सोडून दिली जाते आणि उपयोग मात्र हिचाच जास्त.

भोकाड पसरल्यावर धोका नाही ना एवढं बघा आणि बोलणं थांबवा. त्या वेळी समजावणं म्हणजेही लक्ष देणंच. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा की आठवडाभर आवाज येईल. आणि ‘पोलीस पकडून नेईल’ ही धमकी बंद. जत्रेत, स्टेशनवर हरवलेलं मूल मग खाकी कपडे बघून लपतं.

मारण्याबद्दल : शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं बंद आहे. घरी मारलं की वागणं तेवढ्यापुरतं थांबतं, पुढच्या वेळी ते तुमच्या पाठीमागे होतं.

कानगोष्टी

‘त्याच्या मनात असलं की बरोबर ऐकतो’ हे वाक्य ऐकलं की ऑडिओलॉजिस्ट पहिला संशय कानाच्या पडद्यामागच्या पाण्यावर घेतो. पावसाळी सर्दीनंतर मधल्या कानात चिकट द्रव साचून राहतो. दुखत नाही, ताप नाही, म्हणून लक्षात येत नाही. ऐकू येणं रोज कमी-जास्त होतं. त्यामुळेच तो ‘मनात असलं की’चा भास. शांत खोलीत समोरून बोललेलं कळतं, पन्नास मुलांच्या वर्गात पंखे चालू असताना शेवटच्या बाकावर कळत नाही. मूल मग इकडेतिकडे बघून कॉपी करतं किंवा बाजूच्याला छळतं.

टिंपॅनोमेट्री (पडदा किती हलतो ते बघणारी) आणि प्युअर टोन ऑडिओमेट्री (किती हळू आवाज ऐकू येतो ते बघणारी) या दोन चाचण्या मागा. पहिलीत रेघ सपाट आली की द्रव आहे. बऱ्याच मुलांत तो तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतो, म्हणून लगेच शस्त्रक्रियेला घाबरू नका. पण त्या काळात पुढचा बाक मिळायलाच हवा. घरी कापसाची काडी किंवा गरम तेल घालू नका, अडचण पडद्याच्या आत आहे.

डॉ_खडीसाखर

यालाच जोडून. ‘तंद्री लागते’ म्हणून आलेल्या मुलांत एक वेगळा गट असतो. बोलता बोलता वाक्य मध्येच तुटतं, ५ ते १५ सेकंद नजर गोठते, पापण्या फडफडतात, हाक मारली किंवा स्पर्श केला तरी तंद्री मोडत नाही, मग काही झालंच नाही असं पुढे चालू. दिवसातून अनेकदा. ही आकडी असू शकते, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) करावा लागतो. नेहमीची तंद्री खांद्यावर हात ठेवला की मोडते. इथेही व्हिडिओ काढा.

पामबीचची_पायवाट

आणि साखर? केक-चॉकलेटनंतर पोरं अंगात आल्यासारखी करतात.

डॉ_खडीसाखर

साखरेनं मुलं चेकाळत नाहीत. १९९५ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात वागण्यावर परिणाम दिसला नाही. पार्टीत तीस मुलं, मोठा आवाज, उशिरा जेवण, ते बघा. कॅफीन असलेली शीतपेयं संध्याकाळी नकोत, त्यांनी झोप जाते. कृत्रिम रंगांचा थोडा परिणाम काही मुलांत २००७ च्या इंग्लंडमधल्या अभ्यासात दिसला होता. दात आणि वजनासाठी साखर कमी कराच, फक्त कारण बरोबर द्या.

शाई_संपली

आता वाचन-लेखनाचं. सोमवारी सकाळी पोटात दुखतं आणि दहा वाजता सुट्टी नक्की झाली की थांबतं, फळ्यावरून उतरवताना ओळी गळतात, तोंडी उत्तर झकास आणि पेपरात शून्य, वाचायची पाळी आली की विदूषकी चाळे. वर्गात हसं होण्यापेक्षा बाहेर उभं राहिलेलं परवडतं, असा हिशेब मुलानं केलेला असतो. तिसरीपर्यंत हे दिसत असेल तर अध्ययन अक्षमतेची (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडतं त्याची) तपासणी करा.

क्रम : आधी डोळे आणि कान, मग बुद्ध्यांक चाचणी, मग शैक्षणिक चाचणी. शैक्षणिक चाचणी मूल ज्या माध्यमात शिकतं त्या भाषेत व्हायला हवी. घरी मराठी, शाळा इंग्रजी आणि दोन वर्षांपूर्वीच माध्यम बदललेलं, हे तपासणाऱ्याला सांगितलं नाही तर भाषेची अडचण अक्षमता म्हणून नोंदली जाते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता येते. खाजगी अहवालावर उपचारात्मक अध्यापन सुरू करता येतं. बोर्डाच्या सवलतींसाठी प्रमाणपत्र शासनमान्य रुग्णालयाचं लागतं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातलं एलडी (अध्ययन अक्षमता) क्लिनिक जुनं आहे. सगळे नंबर लांब लागतात, दहावीच्या तोंडावर धावू नका. आठवीतच सुरू करा.

घोडबंदरवासी

बरं, नव्वद टक्के मागे घेतो. पण जायचं कुठे? ‘चाइल्ड काउन्सेलर’च्या पाट्या दर दोन इमारतींमागे दिसतात.

मधली_सुट्टी

पाटीपेक्षा नोंदणी बघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि विशेष शिक्षक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले असतात, क्रमांक विचारला तर राग येता कामा नये. औषध फक्त डॉक्टर लिहू शकतात, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ. पहिल्याच भेटीत अर्ध्या तासात ‘एडीएचडी आहे, बारा सेशनचं पॅकेज घ्या’ असं कुणी म्हटलं तर उठून या.

सरकारी बाजूला ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय (१९०१ पासूनचं, बाह्यरुग्ण विभागात गेलं म्हणजे दाखल करतात हा गैरसमज सोडा), कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीत नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र, आणि बौद्धिक अक्षमतेसाठी खारघरची राष्ट्रीय संस्थेची शाखा. खाजगी-संस्थात्मक मध्ये ठाण्यातली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था. फोनवर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं.

थांबून वही लिहीत बसायचं नाही असे प्रसंग वेगळे. ‘मी नसतो तर बरं’ असं बोलणं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, उन्हाळ्यात पूर्ण बाह्या घालून मनगटं झाकणं : त्याच दिवशी दाखवा, एकटं सोडू नका, घरातली औषधं कुलपात टाका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारल्यानं विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. एखाद्या माणसाची, व्हॅनची, क्लासची अचानक भीती बसली आणि स्पर्शाबद्दल मूल काही बोललं, तर उलटतपासणी घेऊ नका, ‘नक्की का?’ म्हणू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा आणि १०९८ ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा पोलिसांना कळवा. पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यात माहिती असणाऱ्या प्रत्येकावर कळवण्याचं बंधन आहे, शाळेवरही. ‘शाळेचं नाव जाईल’ ही सबब कायद्याला चालत नाही.

नातवंडांचा_आबा

वाचनखूण साठवली. एक शेवटचं : डॉक्टरांकडे जाताना सोबत काय न्यावं? आमच्या वेळी पोराला नुसतं उचलून नेत असू.

डॉ_खडीसाखर

वही, चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या-पाकिटं (फोटो नको, प्रत्यक्ष), घोरण्याचा किंवा तंद्रीचा व्हिडिओ, लसीकरणाचं कार्ड, शाळेच्या दोन विषयांच्या वह्या आणि वर्गशिक्षकांची चार ओळींची चिठ्ठी. वह्यांत एक आवडत्या विषयाची, एक नावडत्या. नीट उतरवून काढलेल्या ‘फेअर’ वह्या आणू नका, कच्ची वही आणा. आणि मुलाचं सगळं गाऱ्हाणं त्याच्यासमोर सुरू करू नका. दोन मोठी माणसं या, एक बाहेर त्याच्यासोबत बसेल.